फॉर्म्युला वन कार्नोबा पेस्ट वॅक्स: डबा छोटा, पण पुरून उरणारा

गाडी शाम्पूने धुऊन पूर्ण कोरडी झाली आणि बॉनेट हाताला गार लागलं, तरच कार्नोबाचा (एका ताडाच्या पानांवरचं मेण, गाडीला चमक देणारं) हा २३० ग्रॅमचा डबा उघडावा. तापलेल्या पत्र्यावर वॅक्स लगेच सुकून घट्ट बसतं. पुसताना घाम निघतो आणि पट्टे राहतात ते वेगळेच.

ओलसर स्पंजवर रुपयाच्या नाण्याएवढं वॅक्स एका दरवाजाला पुरतं. थर इतका पातळ हवा की खालचा रंग दिसला पाहिजे. जाड थापल्याने चमक वाढत नाही, नुसतं फडकं भरतं. मग बोट फिरवून बघा: रेघ स्वच्छ उठली की मायक्रोफायबरने पुसा, फासलं तर थांबा.

काळ्या रंगाच्या गाडीवर याच्या चमकेची खोली खरी दिसते. पांढऱ्यावर फरक हाताला कळतो, डोळ्यांना कमी. बंपरच्या खरबरीत काळ्या प्लॅस्टिकला मात्र आधी मास्किंग टेप लावाच, नाहीतर खाचांत पांढरं बसतं आणि टूथब्रशने खरवडत बसावं लागतं.

नखाला अडणारा ओरखडा यानं जाणार नाही. पावसाळ्यात महिना-दीड महिन्यात पाण्याचे थेंब गोल राहायचे थांबतात, तेव्हा पुढचा हात द्यायचा.