भिगवणची बदके : होडीतून की काठावर पालथे पडून?

उजनी धरणाच्या फुगवट्यावर, भिगवणजवळच्या कुंभारगावात, बहुतेक छायाचित्रकार होडीत बसतात, आणि चक्रवाकांचे दूरवरचे थवे गाठायचे असतील तर ते योग्यच आहे. मात्र बदकाच्या डोळ्याच्या पातळीवरून छायाचित्र हवे असेल, तर काठावर पालथे पडणे मला अधिक पसंत आहे. होडीत बसल्यावर कॅमेरा पाण्यापासून साधारण ९० सेंटिमीटर उंच राहतो. १० मीटरवरच्या थापट्या बदकाकडे तो सुमारे ५ अंशांनी खाली पाहतो आणि पक्ष्यामागे केवळ पाणीच उरते. काठावर वाळूच्या पिशवीवर टेकवलेली लेन्स २० सेंटिमीटर उंचीवर असल्यास हाच कोन जेमतेम १ अंश होतो, त्यामुळे पलीकडचा काठ धूसर होऊन बदक उठून दिसते. ३० मीटरवरून ६०० मिलिमीटरच्या लेन्सने टिपल्यास होडीतूनही कोन २ अंशांच्या आत येतो, हे खरे. पण हलत्या होडीत शटरचा वेग वाढवावा लागतो, आणि आणखी जवळ जाण्याच्या मोहात थवाच उडून जातो. काठावर उजाडण्यापूर्वी जाऊन निश्चल पडून राहिल्यास (कोपरे चिखलात रुततात, त्याला इलाज नाही) बदके चरत चरत स्वतःच जवळ येतात.