सात महिने, एक एन्व्हलप आणि ती ‘टक’

सर्व्हिस सेंटरहून माझ्या सिंथचा (सिंथेसायझरचा) खोका दुसऱ्यांदा परत आला आणि जॉबशीटवर दुसऱ्यांदा तेच लिहिलेलं: ‘नो फॉल्ट फाउंड’. वॉरंटीत असूनही तपासणीचे ८०० आणि कुरिअरचे जाऊन-येऊन १,३०० माझ्याच खिशातून. दोन फेऱ्यांचे ४,२०० झाले. एवढ्यात घरच्या पेटीचं ट्यूनिंग झालं असतं. सिंथचं नाव मुद्दाम लिहीत नाही, भांडण अजून मिटलेलं नाही. दोन ऑसिलेटर (सुराची मूळ लाट काढणारे), एक फिल्टर (आवाजाची झगझग कमी-जास्त करणारा), एकच एन्व्हलप (सूर कसा चढेल-उतरेल ते ठरवणारा), एका वेळी एकच सूर, किंमत ३२,०००च्या आसपास. ज्यांच्याकडे आहे ते ओळखतील.

तक्रार एकच आहे. पट्टी दाबली की सुराच्या आधी ‘टक’ असा आवाज येतो. कधी मोठा, कधी बारीक, कधी येतच नाही. वरच्या सप्तकात फारसा जाणवत नाही. पण फिल्टर खाली ओढून घुमारेदार खर्ज लावला की शेजारी बसून कोणीतरी नखाने टेबल वाजवतंय असं वाटतं. कधी येतो, कधी येत नाही म्हटल्यावर घरातल्या मिक्सरपासून गिझरपर्यंतच्या अनुभवावरून मी निदान केलं: लूज कनेक्शन. सर्व्हिसवाल्याला व्हिडिओ पाठवला तर म्हणे, ‘सर, मोबाइलच्या माइकमुळे असेल.’ दुसऱ्या वेळी म्हणे, ‘सर, आम्ही दोन तास वाजवला, एकदम क्लीन.’ दोन तास काय वाजवलं, ते मात्र सांगेना.

शिवाय एन्व्हलपचे ते चार स्लायडर. पहिला महिनाभर मी सस्टेनला वेळ समजत होतो. अ‍ॅटॅक, डिके आणि रिलीज हे तिघे वेळ आहेत: सूर किती वेळात चढणार, किती वेळात उतरणार, बोट उचलल्यावर किती वेळात विरणार. सस्टेन ही पातळी आहे. डिके उतरून जिथे टेकतो आणि बोट असेपर्यंत जिथे थांबतो, ती उंची. संतूरसारखं काही हवं असेल तर सस्टेन शून्यावर न्यायचा, कारण तार छेडली की उतरतच जाते, टेकत नाही. पेटीसारखं हवं तर सस्टेन पूर्ण वर. हे कळायला महिना लागला, कारण मॅन्युअलमध्ये सस्टेनवर एक ओळ आहे आणि पाण्यापासून दूर ठेवा यावर दीड पान.

अ‍ॅटॅकच्या स्लायडरवर तर माझा खास राग आहे. वरच्या पाऊण भागात सेकंदांचे चढ. पट्टी दाबून सूर पूर्ण उघडेपर्यंत अभंगाची ओळ संपते. कामाचा सगळा भाग तळाच्या चार-पाच मिलिमीटरमध्ये कोंबलाय. तिथे बोटाचा जरा धक्का लागला की बासरीचा गोंधळलेला हत्ती होतो.

फिल्टर आणि आवाज दोघांनाही हा एकच एन्व्हलप चालवतो, त्याबद्दल मात्र मी गप्प बसायचं ठरवलंय. रोलँडच्या एसएच-१०१ या जुन्या सिंथमध्येही एकच होता आणि लोक आज त्या यंत्रासाठी सोन्याच्या भावाने पैसे मोजतात. १९७०च्या मिनिमूगमध्ये दोन होते, पण रिलीजला स्वतंत्र नॉबच नव्हता. डिकेचाच वेळ रिलीजला लावायचा की नाही, एवढा एक स्विच. यामाहाच्या डीएक्स-७ मध्ये सहा ऑपरेटर (तिथले ऑसिलेटरच म्हणा), प्रत्येकाच्या एन्व्हलपला चार वेग आणि चार पातळ्या. म्हणजे एका आवाजासाठी नुसत्या ऑपरेटरांच्या एन्व्हलपचेच ४८ आकडे. त्यापेक्षा माझे चार स्लायडर बरे.

हे परीक्षण इथवर रविवारी लिहिलं होतं, पाचपैकी एक तारा द्यायचा ठरवून. आज बुधवार आहे आणि मला थोडं गिळावं लागणार आहे.

सोमवारी धूळ पुसताना फडक्याने अ‍ॅटॅकचा स्लायडर केसभर वर सरकला. माझ्या लक्षातही आलं नाही. खर्ज वाजवला आणि टक गायब. स्लायडर तळाला नेला, टक हजर. पुन्हा केसभर वर, गायब. असं वीसेक वेळा केलं.

मग डोक्यात शिरलं. अ‍ॅटॅक शून्यावर असला की आवाजाचं दार जवळजवळ क्षणात उघडतं. ऑसिलेटर मात्र आत सतत फिरतच असतो, मी पट्टी दाबेपर्यंत थांबत नाही. दार उघडताना लाट शून्याजवळ असेल तर काही नाही. शिखरावर असेल तर आवाज शून्यावरून एकदम तिथे उडी मारतो आणि ती उडी कानाला टक म्हणून ऐकू येते. लाट कुठे सापडेल याचा नेम नाही, म्हणून कधी येते, कधी नाही. तेजस्वी आवाजात ती लपते, अंधाऱ्या खर्जात उघडी पडते. सर्व्हिसवाल्याने बहुधा दोन तास झगझगीत काहीतरी वाजवलं असणार. लूज कनेक्शन कुठेच नव्हतं. काही मिलिसेकंदांची चढण दिली की झालं.

वीस वर्षं पेटी वाजवून हे सुचू नये याचं जास्त वाईट वाटलं. पेटीचा खर्जाचा रीड लगेच बोलत नाही, हवा भरून तो हलायला क्षणभर लागतो. आपण सवयीने बोट आधी टाकतो. ती चढण पेटीत आपसूक आहे, सिंथमध्ये मागावी लागते. सुरुवातीला तर तीही नव्हती. १९६४ मध्ये मूग सिंथ बनवणारा बॉब मूग आणि त्याचा संगीतकार साथीदार हर्ब डॉइच यांनी सूर सुरू-बंद करायला दारावरच्या घंटीचं बटण जोडलं होतं. चढ-उतार वेगवेगळे असलेला एन्व्हलप नंतर संगीतकार व्लादिमिर उसाचेव्स्की यांच्या मागणीतून पक्का झाला.

गंमत म्हणजे टक गेल्यावर दोन दिवसांत ती मला पुन्हा हवीशी वाटायला लागली. सस्टेन शून्य, डिके छोटा, अ‍ॅटॅक तळाला: सतारीवर मिजराब आपटल्यासारखी धार येते. हॅमंड ऑर्गनची टकटकही बनवणारे आधी दोष म्हणून घालवायला पाहत होते, वादकांनीच ती राखली. आणि बोट न उचलता पुढची पट्टी दाबली तर एन्व्हलप पुन्हा सुरू होत नाही, धार फक्त पहिल्या सुराला. पुढचे सूर एका श्वासात. ग्लाइड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) थोडा लावला की मींडेच्या बरीच जवळ जाणारी गोष्ट हाताला लागते. पेटीवाल्याला हे मिळाल्यावर काय होतं ते पेटीवाल्यालाच कळेल. काल जेवण गार झालं.

तारे आता चार. पाचवा मॅन्युअलने खाल्ला. बायकोच्या नेलपेंटने अ‍ॅटॅकशेजारी दोन ठिपके काढलेत, तळाला लाल आणि केसभर वर गुलाबी. तक्रार मागे घेतल्याचा मेल सर्व्हिस सेंटरला पाठवलाय. त्याच मेलमध्ये तपासणीचे १,६०० परत मागितलेत, कारण ‘सर, अ‍ॅटॅक जरा वर घ्या’ हे फोनवरही सांगता आलं असतं. अजून उत्तर नाही.