संत्र्यावरचा मावा गोळा करायचा: ब्रशने की पिवळ्या सापळ्याने?

मावा म्हणजे झाडाचा रस शोषणारी बारीक कीड. ती गोळा करायला प्रकल्पासाठी नेमकं काय घ्यावं, असा प्रश्न एका कृषी विद्यार्थिनीने विचारला. खर्च दोन्हीकडे किरकोळच.

खरा फरक नमुन्यात आहे. नव्या पालवीवरून ओल्या ब्रशने उचललेला मावा ७०-८० टक्के अल्कोहोलच्या कुपीत शाबूत राहतो. शिवाय तो कोणत्या झाडावर पोसला होता हे पक्कं कळतं, आणि ओळख पटवायला ते फार लागतं. बिनपंखी प्रौढ आणि पिल्लंही मिळतात. वसाहत सापडत नसेल तर मुंग्यांची रांग पाहा. मावा सोडतो त्या गोड चिकट्यासाठी त्या बहुतेकदा तिथे जातात.

पिवळ्या चिकट सापळ्यावर फक्त पंखवाले येतात, तेही शेजारच्या कोणत्याही पिकावरचे. गोंदातून काढताना पाय, मिशा तुटतात. त्यापेक्षा पिवळ्या भांड्यात पाणी आणि साबणाचे दोन थेंब बरे, पण रोज गाळायला हवं.

प्रजाती ओळखायची, स्लाइड करायची तर ब्रशच. ट्रिस्टेझा हा संत्र्याची झाडं खंगवणारा विषाणू पसरवणारा पंखवाला मावा बागेत कधी उतरतो हे पाहायचं असेल, तर सापळा.