सहा महिन्यांनी: चकव्याची भीती गेली, सातबाऱ्याची राहिली

पोळ्याला घेतलेली ही कादंबरी, आता होळी आली. तेवढ्यात माझी तीनदा वाचून झाली आणि शालकाकडेही जाऊन आली. पहिल्यांदा वाचली ती अमळनेर-जळगाव पॅसेंजरमध्ये. धरणगाव कधी गेलं कळलं नाही.

चोपड्याकडचा एक शेतकरी रात्रीच्या लाइटीवर केळीला पाणी द्यायला जातो, तो परत येत नाही. गाव म्हणतं, चकव्याने नेला. शोधायला येतो तो पोलीसही नाही, भगतही नाही. तहसील, ठाणं, पतपेढी, सगळीकडे ओळखी असलेला, तोडपाणी करून देणारा मधला माणूस.

पहिल्या वेळी घाबरलो ते चकव्याला. बांध ओलांडला की पुन्हा तोच बांध, तीच विहीर. (वडील सांगायचे, चकवा लागला की उजाडेपर्यंत जागेवर बसून राहायचं.) तिसऱ्यांदा तीच पानं भराभर उलटली. अंगावर आला तो आधी कंटाळून चाळलेला भाग: या माणसाला पैसे कोण देतंय? सख्खा भाऊ. आणि त्याला भाऊ सापडायला नकोच आहे. सात वर्षं ज्याची खबरबात नाही, तो जिवंत आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते. जुन्या पुरावा कायद्यात हे कलम १०८ होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या कायद्यात १११. तोवर सातबाऱ्यावरचं नाव हलवणं अवघड. कादंबरीत सहा वर्षं दहा महिने झालेत, आणि नेमक्या आताच बांधावरून हाका यायला लागल्यात. भुताला अजून दोन महिने थांबायला काय झालं होतं, असं क्षणभर माझ्याही मनात आलं. त्याचीच जास्त भीती वाटली.

चुका आहेत. आई पुणेरी बोलते. अशा वेळी इकडची आई ‘कथा गया व्हता रे?’ म्हणेल. चोपड्याजवळ तापीत वाहून गेलेली चप्पल भुसावळला सापडते! तापी पश्चिमेला वाहते. चप्पल सारंगखेड्याकडे जाईल. भुसावळला पोचायला तिलाच चकवा लागला पाहिजे.

बांधणी वाईट. दुसऱ्याच महिन्यात शिलाई सुटली आणि शालकाने शेवटची चार पानं न वाचताच हरवली. त्या पानांत सगळा उलगडा आहे, तोही घाईघाईत उरकलेला. शालकाला वाटतं, कादंबरी हाकेवरच संपते. ‘काय शेवट केलाय, दाजी,’ म्हणाला. मी काही बोललो नाही. आता कुणी मागितली तर तशीच देतो.