ऑक्टाव्हिया आरएस २३० ला नवे टायर: पायलट स्पोर्ट ४ का घेतले

माझी गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २३०. २०१७ साली बाजारात आली, आमच्याच छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याच्या कारखान्यात जोडलेली. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २३० पीएस (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच), ३५० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, आणि हे सगळं फक्त पुढच्या दोन चाकांवर. टायर निवडताना या गाडीपुरतं हेच सगळ्यात महत्त्वाचं. पुढचीच चाकं ओढतात, तीच वळतात, आणि ब्रेक दाबला की वजनही त्यांच्याच अंगावर येतं. पुढची जोडी मागच्या जोडीच्या कितीतरी आधी गोटा होते ती यामुळेच.

वाळूजला माझं लेथ आणि सीएनसीचं छोटं वर्कशॉप आहे. ड्रॉइंगवरचा आकडा वाचल्याशिवाय जॉब मशीनवर चढवायचा नाही, ही तिथली शिस्त. टायरवर तर सगळे आकडे छापूनच येतात, तरी बहुतेक लोक फक्त कंपनीचं नाव विचारून पैसे मोजतात, याचं मला फार वाईट वाटतं. दीड टनाच्या आसपासची गाडी रस्त्याला टेकते ती चार तळहातांएवढ्या रबरावर.

मी आधी पाऊस बघितला, बाकीचं नंतर. कोरड्या रस्त्यावर या वर्गातले सगळेच चांगले टायर आपल्या गरजेपेक्षा जास्त पकड देतात. फरक कळतो तो ओल्या रस्त्यावर. माझं नेहमीचं जाणं दोन प्रकारचं: समृद्धी महामार्गाने नागपूरकडे किंवा मुंबईकडे, आणि पावसाळ्यात आळेफाट्यावरून माळशेज घाट उतरून कल्याणकडे. समृद्धीवर १२० ची मर्यादा आणि सरळसोट काँक्रीट. अशा वेगात साचलेल्या पाण्यावर टायर गेला की खाचांना पाणी बाजूला फेकायला क्षणभरही मिळत नाही. ते फेकलं गेलं नाही तर रबराखाली पाण्याची पाचर शिरते आणि चाक रस्त्यावरून उचललं जातं. त्या क्षणी स्टिअरिंग हातात नुसतं शोभेला. कायद्याने खाच १.६ मिमी उरेपर्यंत टायर चालतो, पण पाण्यातली पकड त्याच्या बरीच आधी ढासळते. मी ३ मिमीला बदलतो, आणि २०० च्या पुढे पीएस असलेल्या प्रत्येक गाडीवाल्याने हेच करावं असं माझं ठाम मत आहे. समृद्धी सुरू झाल्यावर आरटीओने टायर तपासून गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवल्या, तेव्हा बरेच जण कुरकुरले होते. मला ते पाऊल फार आवडलं.

माप कंपनीचंच ठेवलं: २२५/४५ आर १७. म्हणजे टायरची रुंदी २२५ मिमी, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ४५ टक्के, आणि रिम १७ इंची. मित्रमंडळींचा आग्रह होता १८ इंची अलॉय टाकण्याचा. गणित करून बघा. २२५/४० आर १८ चा एकूण व्यास ६३७ मिमी, माझ्या मापाचा ६३४. स्पीडोमीटर बिघडत नाही, गाडी उंच होत नाही, मग तोटा कुठे? टायरच्या बाजूच्या भिंतीत. १७ इंचीला ती साधारण १०१ मिमी उंच, १८ इंचीला ९०. खड्ड्यात रिमला वाचवणारं ११ मिमी रबर आणि हवा आपणहून घालवायची. वाळूजच्या रस्त्याला ट्रकांनी पाडलेले खड्डे ज्यांनी बघितलेत, त्यांना टायरला फुगा कसा येतो हे सांगायला नको. अलॉयचे पैसे वाचले ते मी टायरात घातले.

मग भाराचा आकडा. याच मापात ९१ आणि ९४ असे दोन्ही मिळतात. ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलो, ९४ म्हणजे ६७०. चार माणसं, भरलेली डिकी आणि उन्हाळ्यात तापलेलं काँक्रीट धरून मी ९४ च मागितला. त्यापुढचं अक्षर वेगाचं: व्ही २४०, डब्ल्यू २७०, वाय ३०० किमीपर्यंत. एवढ्या वेगाने कोणी जाणार नाही आणि जाऊही नये, पण वरच्या श्रेणीचा टायर जास्त उष्णता सोसायला बांधलेला असतो, आणि तासन् तास एकाच वेगात चालवताना ते उपयोगी पडतं.

शेवटी तीन नावं उरली. अपोलोच्या व्रेडेस्टाइनचा अल्ट्राक व्होर्टी, कॉन्टिनेंटलचा मॅक्सकॉन्टॅक्ट एमसी ६ आणि मिशेलिनचा पायलट स्पोर्ट ४. व्होर्टी पैशाच्या मानाने फार चांगला माल आहे, आणि भारतीय कंपनी या वर्गात उतरली याचा मला मनापासून आनंद आहे. एमसी ६ आशियातल्या बाजारांसाठी काढलेला. माझ्या मेव्हण्याच्या गाडीला आहे. ती मी भरपूर चालवली आहे: ब्रेक सरळ आणि विश्वासाने लागतो, गाडी बसायला मऊ. शहरातच जास्त फिरणाऱ्याला मी डोळे मिटून एमसी ६ सांगेन.

मी पायलट स्पोर्ट ४ घेतला, कारण याचं स्टिअरिंग. २०१६ पासूनचा टायर आहे हा, २०२२ मध्ये त्याच्यापुढचा ५ आला. पण मला माझ्या मापात, ९४ वायमध्ये, ताज्या तारखेचे चार नग ४ चे मिळाले, आणि माझ्या लेखी ताजेपणा ४ की ५ या आकड्यापेक्षा मोठा. नक्षीखालच्या पट्ट्यात नायलॉन आणि अरामिड (फार मजबूत कृत्रिम धागा) एकत्र विणलेलं आहे. वेग वाढला की टायरचा मधला भाग फुगू पाहतो, तो पट्टा त्याला दाबून धरतो. त्यामुळे १०० च्या पुढेही स्टिअरिंग पोकळ होत नाही.

तारखेबद्दल थोडं सविस्तर सांगतो. टायरच्या बाजूला डीओटी अक्षरांच्या शेवटी चार आकडे असतात. २३२४ असेल तर २०२४ सालचा तेविसावा आठवडा. जून २०२० मध्ये सरकारने नव्या टायरची आयात मर्यादित यादीत टाकली, परवाना लागू लागला, आणि मोठ्या गाड्यांची मापं अधूनमधून गायब व्हायला लागली. मग पडून राहिलेला माल दुकानात फिरत राहतो. एका दुकानात मला अडीच वर्षांपूर्वीचा टायर नव्याच्या भावात दाखवला. ‘पॅक आहे, हात लागलेला नाही’ असं उत्तर मिळालं. नीट साठवलेला टायर लगेच खराब होत नाही हे खरं, पण पूर्ण पैसे द्यायचे तर मी एका वर्षाच्या आतलाच घेतो. चारही टायरवरचे आकडे दुकानात वाकून वाचा आणि आयएसआयची खूण बघा. कोणी हसलं तर हसू द्या.

टायर जिथे बसवून घेतले, तिथल्या मिस्त्री चाचांशी एका मुद्द्यावर वाद झाला. मी आधी दोनच टायर घेण्याचा विचार करत होतो. ते म्हणाले, ‘साहब, आगे का टायर घिसता, तो नया आगेच लगाओ.’ ऐकायला बरोबर वाटतं. पण दोनच नवे घ्यायचे झाले तर ते मागे लावायचे आणि मागचे पुढे आणायचे. पुढचे घसरले तर गाडी सरळ जायला बघते, पाय हलका केला की सावरते. पाण्यात मागचे सुटले तर गाडी फिरते, आणि फिरलेली गाडी सावरणं आपल्यातल्या बहुतेकांना जमत नाही. हे त्यांना समजावता समजावता माझंच ठरलं: अर्धं नवं, अर्धं जुनं नकोच. चारही घेतले. मिळून साठ हजारांच्या पुढे गेले, आणि प्रत्येक रुपया योग्य जागी गेला.

चाचांच्या हाताला मात्र तोड नाही. नक्षी दोन्ही बाजूंना वेगळी असल्याने बाहेरची बाजू बाहेरच आली पाहिजे, ते त्यांनी प्रत्येक चाकाला बोट ठेवून दाखवलं. रबरी व्हॉल्व्ह न सांगता नवे घातले. बोल्ट आधी हाताने फिरवले आणि शेवटी टॉर्क रेंचने १२० न्यूटन मीटरवर आवळले. हवेच्या गनने कडकडून आवळलेले बोल्ट पुढे रस्त्यात स्टेपनी लावताना निघत नाहीत. नायट्रोजनचा आग्रह त्यांनी धरला नाही हेही बरं केलं, साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच. अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, चारही चाकांचं करून घेतलं. या गाडीचं मागचं सस्पेन्शन मल्टिलिंक, म्हणजे अनेक दांड्यांनी जोडलेलं आहे, मागच्या चाकांचे कोनही सरकतात, म्हणून फक्त पुढचं करून देणाऱ्याला सरळ नाही म्हणा.

आता रस्त्यावरचा अनुभव. नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातला तुळतुळीत थर असतो, म्हणून सुरुवातीचे काही शे किलोमीटर हळूच चालवले. नंतर पहिला मोठा फरक माळशेजमध्ये भर पावसात दिसला. जुन्या टायरवर दुसऱ्या गिअरमध्ये वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर जरा जास्त दाबला की ट्रॅक्शनचा, म्हणजे चाक घसरत असल्याचा, दिवा लुकलुकायचा आणि स्टिअरिंग हातात ओढ घ्यायचं. आता तोच दाब देऊन गाडी मुकाट वळण पूर्ण करते. धुक्यात बोगद्याच्या अलीकडे समोरचा टेम्पो अचानक थांबला, तेव्हा मी जोरात ब्रेक दाबला आणि गाडी रेषेत, जागच्या जागी थांबली. ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या एबीएसची थरथर पायाला जेमतेम जाणवली. मागे आई बसली होती. पैसे वसूल झाले ते तिथे.

समृद्धीवर काँक्रीटच्या आडव्या खाचांमुळे घरघर येते. तिची ज्यांना चीड आहे त्यांनी शांत टायर बघावा, मला ती चालते. इतक्या पकडीचं मऊ रबर पुढच्या चाकांवर लवकर झिजणार हेही धरून चाला. मी ठराविक अंतराने पुढचे मागे, मागचे पुढे करतो.

हवेचा आकडा गाडीच्याच पेट्रोलच्या झाकणाआड लिहिलेला आहे, माणसांच्या भारानुसार वेगवेगळा. सकाळी टायर थंड असताना तेवढीच भरायची. समृद्धीला लागण्याआधी तर नक्कीच, कारण हवा कमी असली की बाजूची भिंत सतत लवते आणि आतल्या आत तापत जाते. शिवाय या गाडीला टायरमध्ये सेन्सर नाही. चाकांच्या फिरण्यातल्या फरकावरून ती कमी हवा ओळखते, म्हणून टायर बदलले किंवा हवा भरली की मेनूत जाऊन नवं प्रेशर सेव्ह करावं लागतं. दुकानात हे सहसा कोणी करून देत नाही, आपणच करायचं.