छोट्या होडीवर कोणता ट्रॅकर?

यंत्र निवडण्याआधी एक गोष्ट ठरवा: तुम्हाला होडी कुठे आहे ते पाहायचं आहे, की मासेमारी किती होते ते मोजायचं आहे? जगातल्या एकूण पकडीपैकी सुमारे 40 टक्के मासळी छोटे मासेमार आणतात, आणि त्यांच्याच होड्या कुठे जातात, किती वेळ मासेमारी करतात याची नोंद बहुधा नसते. म्हणून हा निर्णय मला महत्त्वाचा वाटतो.

एआयएस, म्हणजे जहाजाची ओळख आणि जागा आपोआप कळवणारी रेडिओ यंत्रणा, मुळात टक्कर टाळण्यासाठी आहे. छोट्या होडीवरचा क्लास बी (कमी शक्तीचा) संच चालत्या होडीची जागा आणि वेग साधारण दर 30 सेकंदांनी रेडिओवरून जाहीर करतो. मोठ्या जहाजांच्या वाटेवर जाळी टाकत असाल तर तो घ्याच. मासेमारीच्या व्यवस्थापनासाठी मात्र त्यावर विसंबू नये. आपली मासळीची जागा कुणालाही कळते म्हटल्यावर मासेमार तो बंद ठेवणारच.

व्हीएमएस ही मासेमारी बोटींवर नजर ठेवायची सरकारी प्रणाली. तिची माहिती बहुधा उपग्रहामार्फत थेट सरकारी यंत्रणेकडे जाते, सहसा बाहेर फुटत नाही. युरोपीय संघात 12 मीटर आणि त्याहून लांब बोटींना ती बऱ्याच वर्षांपासून सक्तीची आहे. पण नोंद बहुधा तासा-दोन तासांनी होते. तेवढ्या वेळात छोटी होडी जाळं टाकून, ओढून परतीला लागलेली असते. शिवाय उपग्रहाचं भाडं भरत राहावं लागतं.

माझा कौल सौर जीपीएस लॉगरला, म्हणजे उन्हावर चालणाऱ्या, होडीची जागा नोंदवून ठेवणाऱ्या छोट्या यंत्राला. तो थोड्या-थोड्या वेळाने जागा नोंदवतो, रेंज नसेल तेव्हा साठवून ठेवतो आणि किनाऱ्याजवळ आल्यावर मोबाइल नेटवर्कवरून पाठवतो. पूर्व तिमोरच्या पेस्कास या मासेमारीची माहिती गोळा करणाऱ्या प्रणालीत असे ट्रॅकर वापरले आहेत. वेग आणि वळणांवरून जाळं कुठे पडलं, किती वेळ गेला याचा अंदाज बांधता येतो, रिकाम्या हाताने झालेली फेरीही मोजली जाते. त्याला किनाऱ्यावरच्या पकडीची नोंद जोडली की तासाला किती मासळी मिळाली ते निघतं. तेवढ्याच मासळीसाठी वर्षागणिक जास्त तास लागू लागले, तर समुद्रातला मासळीचा साठा घटत असण्याची शक्यता आहे. नुसत्या वजनाच्या आकड्यात हे दिसत नाही. उणीव एकच, पण मोठी: रेंजबाहेर अडकलेली होडी शोधायला तो उपयोगी नाही. त्यासाठी वेगळं साधन हवं.

मोबाइल अ‍ॅप चाचणीपुरतं ठीक. फोन भिजतो, बॅटरी संपते, अ‍ॅप सुरू करायचं राहून जातं. मग न नोंदलेली फेरी म्हणजे न झालेली फेरी असा चुकीचा हिशेब होतो. होडीवर काहीच न लावता उपग्रहाच्या रडार चित्रांवरून मोजावं म्हटलं, तर त्यांत लहान लाकडी होड्या अनेकदा उमटतच नाहीत.

काहीही घेतलं तरी माहिती कोण पाहणार, तिच्यावरून दंड होणार का, मासेमाराला स्वतःची नोंद मिळणार का, हे आधी लेखी ठरवा. सगळ्या होड्यांना यंत्र परवडत नसेल तर प्रत्येक प्रकारच्या जाळ्याच्या काही होड्या चिठ्ठ्या टाकून निवडा. फक्त उत्साहाने पुढे आलेल्यांच्याच घेतल्या, तर बाकीचे कुठे आणि किती मासेमारी करतात ते कळणार नाही.