आठ महिने आयकिडो: मूल आधी पडायला शिकतं

मुलाला आयकिडो या जपानी युद्धकलेच्या वर्गाला घालताना बहुतेक पालकांच्या डोक्यात 'स्वसंरक्षण' हा एकच शब्द असतो. आठवड्याला दोन वर्ग, असे आठ महिने गेल्यावर हाती लागतं ते वेगळंच. मूल नीट पडायला शिकतं. आमच्या मते एवढ्या एका गोष्टीसाठीही हा वेळ सार्थकी लागतो, आणि वर्ग चांगला आहे की नाही हेही त्यावरूनच ओळखावं.

या पडण्याला उकेमी म्हणतात. सुरुवात मागे पडण्यापासून व्हायला हवी, तीही उभ्याने नव्हे. आधी उकिडवं बसायचं, हनुवटी छातीला लावायची, नजर पट्ट्याच्या गाठीवर ठेवायची, एक पाय आत दुमडून बैठक टेकवायची आणि पाठ गोल करत मागे जायचं. तळहात मॅटवर आपटायचे ते अंगापासून साधारण 45 अंशांवर. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे पडताना हात मागे टेकवणं. ती घाबरल्यावरची उपजत हालचाल आहे, म्हणून सांगून जात नाही, शेकडो वेळा करूनच मोडते. घसरून मनगट मोडतं ते याच सवयीने. हे एक वळण बदललं की जिन्यावर, सायकलवर, ओल्या फरशीवर, सगळीकडे ते उपयोगी पडतं.

पुढची लोळण मात्र वेळ खाते. शाळेतली कोलांटीउडी दोन्ही खांद्यांवरून आणि सरळ पाठीच्या कण्यावरून जाते. आयकिडोतली तिरकी जाते. करंगळीची कड, हाताची बाहेरची बाजू, कोपर, खांदा, मग पाठीवरून तिरपं जात विरुद्ध बाजूचा कुल्ला, अशी एकच वक्र रेघ मॅटला लागते. डोकं अजिबात लागत नाही. ज्यांना कोलांटीउडी आधीच छान येते, त्या मुलांना उलट हे जड जातं, कारण त्यांचं डोकं सवयीने खाली जातं. लोळण चुकतेय का हे घरी तपासायला सोपं आहे. कुठे लागलं ते विचारा. कण्यावर मधोमध दुखत असेल तर मूल सरळ लोळतंय. खांद्याच्या टोकाला दुखत असेल तर कोपरात हात दुमडतोय, आणि हे लगेच शिक्षकांच्या कानावर घालायला हवं, कारण तसं पडून गळपट्टीचं हाड मोडू शकतं. उजवी बाजू साधली तरी डावी बराच काळ मागेच राहते. चौथ्या-पाचव्या महिन्यात मुलांना धीर येतो, ती धावत येऊन उड्या घेऊ लागतात आणि रेघ बिघडते. चांगला शिक्षक अशा वेळी त्यांना पुन्हा गुडघ्यावर बसवून लोळायला लावतो. मुलं कुरकुरतात, पण तेच योग्य.

दुसरी जमेची बाजू म्हणजे तेनकान, म्हणजे गिरकी घेऊन वळणं. समोरच्याने मनगट धरलं की मूल पहिल्यांदा हात ओढतं, आणि ओढाओढीत जास्त ताकदीचा जिंकतो. इथे हात आहे तिथेच सोडायचा, पुढचा पाय धरणाऱ्याच्या पावलाजवळ टाकायचा, त्यावर गिरकी घेऊन मागचा पाय मागून फिरवायचा. शेवटी दोघांची तोंडं एकाच दिशेला, तळहात वर आणि पोटासमोर. कोपर अंगापासून सुटलं की सगळं फसतं. एखाद्या किरकोळ मुलीला हे जमलं आणि तिच्या दीडपट वजनाचा मुलगा आपसूक वळला, की तिचा चेहरा बघण्यासारखा असतो.

मनगटाच्या पकडींबाबत मात्र आम्ही कडक आहोत. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी कूर्चेचा थर असतो आणि तो आजूबाजूच्या अस्थिबंधांपेक्षा कमजोर असतो. म्हणून निक्यो, सांक्यो, कोतेगाएशी या मनगट पिळणाऱ्या पकडी लहान मुलांना जोर लावून शिकवू नयेत; इक्क्यो ही हात दाबून खाली आणण्याची पकड सावकाश आणि श्वासाच्या लयीवरच्या साध्या फेकी पुरेशा आहेत. शिहोनागे या फेकीत पडणाऱ्याचं डोकं मागच्या बाजूने आपटण्याचा धोका मोठा, ती फेक नवशिक्यांच्या वर्गात दिसली तर कारण विचारा. हाताने दोनदा थोपटलं की जोडीदाराने तत्क्षणी सोडायचं, हा नियम पहिल्याच दिवशी शिकवला गेला पाहिजे. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाच्या मानेची तपासणी डॉक्टरांकडून झाल्याशिवाय लोळण सुरू करू नये.

आता उणी बाजू. आठ महिन्यांनी मूल मारामारीत स्वतःला वाचवू शकेल, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. सरावात जोडीदार सहकार्य करतो, खरा विरोध फार उशिरा येतो. तो लवकर हवा असेल तर ज्युडो बरा. संस्थापक मोरिहेई उएशिबा (1883–1969) यांना स्पर्धा मान्य नव्हत्या, त्यामुळे तोमिकी शाखेसारखे अपवाद सोडले तर सामने नाहीत, पदकं नाहीत. चुरशीवर फुलणारं मूल इथे कंटाळतं. लाजऱ्या किंवा हरण्याला घाबरणाऱ्या मुलाला मात्र हीच गोष्ट मानवते.

वय सातच्या पुढे असलेलं बरं. पाच-सहा वर्षांच्या मुलांना सेझा, म्हणजे जवळपास आपलं वज्रासनच, दोन मिनिटांपलीकडे जमत नाही, आणि पाऊण तासापेक्षा लांब वर्गात त्यांचं लक्ष उडतं. गुडघ्यांवर चालण्याचा शिक्को थोडाच करावा. उंची झपाट्याने वाढत असताना गुडघ्याखाली दुखू लागलं तर बंदच.

पोशाखाची घाई नको. पहिले दोन महिने पूर्ण बाह्यांचा टीशर्ट आणि चेन नसलेली ट्रॅकपँट चालते. चेन लोळताना टोचते. नंतर ज्युडोचा हलक्या विणीचा गी, म्हणजे सरावाचा पोशाख, घ्या, कराटेचा पातळ गी खांद्याशी आणि गुडघ्याशी लवकर फाटतो. मापं उंचीनुसार दहा-दहा सेंटिमीटरच्या टप्प्याने असतात, आणि सुती कापड आटतं, म्हणून एक माप मोठा घेऊन गार पाण्यात धुवा. बाही मनगटाच्या वर आणि पायजमा घोट्याच्या वर संपला पाहिजे, नाहीतर बोटं अडकतात. डावी बाजू उजवीवर येते. उलट नेसवणं जपानमध्ये मृतांसाठी असतं. लाकडी शस्त्रं पहिल्या वर्षी लागत नाहीत.

वर्गात मॅट चार सेंटिमीटर जाडीची आणि फटी नसलेली हवी. योगासनांच्या मॅटवर घरी पुढची लोळण करू देऊ नका. बसून मागे लोळणं तेवढं ठीक.